आधी घोडा, मग दुखरा पाय

आत्याबाईंचा उजवा खुबा मोडला तो कालवडीमुळं. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, धोंडाबाई. देगलूरच्या अलीकडं आमचं गाव, आणि आमच्याकडं सासूला आत्याबाईच म्हणतात, आधीचं नातं असो नसो. संक्रांत होऊन गेली होती. गोठ्यात कालवड दावं ताणून उभी होती, आत्याबाई पेंड ठेवायला वाकल्या आणि दावं पायात आलं. माडीवरून पडल्या नाहीत की विहिरीत पडल्या नाहीत. उभ्या होत्या तिथंच आडव्या झाल्या आणि मग उठताच येईना. जन्मभर डोक्यावरून कडबा वाहिलेली बाई, मोडली ती एका दाव्यानं. आमचे मालक, बालाजी, अजूनही त्या कालवडीला शिव्या देतात. ती आपली रवंथ करते.

नांदेडच्या दवाखान्यात खुब्याचा गोळा बदलला. ऑपरेशन चांगलं झालं, दुसऱ्या दिवशी त्यांना उभंसुद्धा केलं. उभं करणाऱ्या लुंबिनी मॅडम. त्या व्यायामाच्या डॉक्टर, पण त्यांचं खरं काम पुढचं होतं. एकदा खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या माणसांचा दुसरा खुबा मोडू नये म्हणून त्यांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या मागं लागणं, हे त्यांचं काम. असं काम असतं हे मला तोवर माहीत नव्हतं. मोडलेलं जोडतात एवढं माहीत होतं. न मोडलेल्याचा पगार कोण देतं, असं मी मालकांना हळूच विचारलं, तर ते म्हणाले, गप बस, ऐकतील.

मॅडमनी आत्याबाईंना भराभर प्रश्न विचारले. चक्कर येते का, रात्री उठावं लागतं का, दूध पिता का, चष्मा आहे का. शेवटी विचारलं, "आजी, तुमच्या आईचा खुबा कधी मोडला होता का?"

"माय उंबऱ्यात पडली हुती," आत्याबाई म्हणाल्या. "मंग खाटंवर गेली. मंग गेली. काय मोडलं हुतं ते कुनी बगितलं?"

मॅडमचा हात जरा थांबला. मग त्यांनी कॉम्प्युटरमध्ये 'हो' असं भरलं. पडद्यावर एक पट्टी आली, हिरवी, पिवळी आणि लाल. आत्याबाईंचा काटा लाल भागात जाऊन थांबला.

"हा काटा काय सांगतो," मॅडम माझ्याकडं वळून म्हणाल्या, "की एक खुबा मोडला म्हणजे दुसऱ्याला नोटीस लागली. पहिलं वर्ष फार सांभाळायचं. हाडाचं इंजेक्शन आहे, गोळ्या आहेत, त्या मोठे डॉक्टर लिहून देतील. पण चालवायचं काम तुमचं. रोज चालवा. पलंगावर झोपवून ठेवलं तर हाड आणखी पोकळ होतं, मांडीत जोर राहत नाही. मग ज्या दिवशी उठतील त्या दिवशी पडतील."

आत्याबाईंनी वॉकरला तिथंच घोडा म्हणायला सुरुवात केली. मॅडमनी शिकवलं, "आधी घोडा पुढं. मग दुखरा पाय. मग चांगला पाय." आत्याबाईंनी ते जात्यावरच्या ओळीसारखं घोकलं. आधी घोडा, मग दुखरा, मग चांगला. वॉर्डभर त्या असं म्हणत फिरल्या आणि शेजारच्या खाटेवरची म्हातारी त्यांना हसली. निघताना मॅडमनी मला बाजूला घेऊन आणखी एक सांगितलं. "घाई करू द्यायची नाही. फोन वाजू दे, दार वाजू दे, कुकर बोंबलू दे. म्हातारी माणसं घाईत पडतात."

मी हाव म्हटलं, आमच्याकडं 'हो'ला हाव म्हणतात. सगळ्यालाच हाव म्हटलं.

घरी आल्यावर मालकांनी देगलूरहून उंच पलंग आणला, भोकाची खुर्ची आणली, मोरीच्या वाटेवर दिवा लावला, दारातलं पायपुसणं उचलून टाकलं. इथपर्यंत सगळं मॅडमच्या सांगण्याप्रमाणं झालं. मग गाव भेटायला आलं.

आमच्याकडं आजाऱ्याला भेटायला जायची एक रीत आहे. बिस्किटचा पुडा नाहीतर मोसंबी आणायची, पलंगाच्या कडेला बसायचं, पायाला हात लावायचा आणि म्हणायचं, उठू नका. आत्याबाई बसत्या झाल्या तरी लोक त्यांना खांदे दाबून निजवायचे. मग प्रत्येकीच्या ओळखीत एक खुबा मोडलेला निघायचा आणि तो माणूस कसा हाल होऊन गेला ते सांगून व्हायचं. मी चहा करायची. दूध संपलं की काळा चहा करायची. जाताना प्रत्येक बाई मला सांगायची, "त्यांना उठू देऊ नकोस बरं." आणि अशी बघायची की जणू मी आताच त्यांना खुरपं घेऊन शेतात पाठवणार आहे.

पहिल्याच आठवड्यात मी आत्याबाईंना सकाळी ओसरीवर चालवलं. आधी घोडा, मग दुखरा, मग चांगला. समोरच्या घरची पारूबाई दारात तांदूळ निवडत बसली होती. तिनं सूप खाली ठेवलं आणि बघत राहिली. तिला बोलायची गरजच नव्हती, तिच्याकडं मोबाइल होता.

दुपारच्या एसटीनं माझी नणंद आली. शिवकांता, लातूरला दिलेली, मी त्यांना अक्का म्हणते. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून अक्का वरचेवर येतात, पण असं रडत पहिल्यांदाच आल्या. उंबऱ्यातूनच त्यांचा सूर लागला. माय गं, तुला घोड्याला जुंपलं का गं. आत्याबाई म्हणाल्या, "आगं, डाक्टरनीच सांगितलंय." अक्का म्हणाल्या, डाक्टर सांगतेत हजार गोष्टी, घरच्याला काळजी पायजे. मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "शिल्पा, मव्ह्या मायनं आयुष्यभर ढोरावानी काम केलं. आता तरी तिला पडून ऱ्हाऊ दे की."

अक्का वाईट नाहीत. हे मी मुद्दाम सांगते, कारण ऐकणाऱ्याला त्या वाईट वाटतील. त्यांनी त्या मुक्कामात आईचे केस विंचरले, पाय चेपले, दूधभाकर कुस्करून हातानं भरवली. त्यांच्या मनात प्रेम म्हणजे माणसाला हलू न देणं. गावाच्याही मनात तेच. त्या गेल्या तेव्हा लेकीच्या लेखी आई पलंगावर सुखात होती आणि गावाच्या लेखी सून ताळ्यावर आली होती. मालकांना विचारलं तर म्हणाले, मॅडमचंबी खरं हाय, अक्काचंबी खरं हाय. मालकांचा स्वभाव तसाच आहे, दोन्हीकडं हाव. मी त्यांना म्हटलं, मग आत्याबाईंना अर्धं चालवते आणि अर्धं झोपवते. त्यांनी त्यावरही मान हलवली.

दोन आठवडे आत्याबाई पलंगावर राहिल्या. मी त्यांच्याखाली भांडं धरायची, काढायची, धुवायची. ते काम मला आवडत नव्हतं. कुणालाच आवडत नसतं, पण सुनेनं तसं म्हणायचं नसतं. आत्याबाई भिंतीकडं तोंड करायच्या. एका दुपारी मी भांडं घेऊन निघाले तशा म्हणाल्या, "शिल्पा, तू मव्हं धुतीस ते मला बगवंना. मला मोरीवर मव्ह्या पायानं जायचंय. बाकी मला कायबी नको."

"लोक बोलू लालेत, आत्याबाई."

त्यांनी जरा विचार केला. "मंग दार लाव," म्हणाल्या.

असं ते सुरू झालं. दुपारी गल्ली निजली की मी पुढचं दार लावून कडी घालायची. घोडा धान्याच्या कोठीमागं लपवलेला असायचा, तो काढायची. पलंगापासून मधल्या दारापर्यंत, मधल्या दारापासून स्वैपाकघरापर्यंत. मी मागून कमरेला धरायची. आधी घोडा, मग दुखरा, मग चांगला. सुरुवातीला आत्याबाई घामाघूम व्हायच्या आणि पलंगावर बसून कालवडीला शिव्या द्यायच्या. नंतर मॅडमनी फोनवर सांगितलेलं खुर्चीवरून उठणं-बसणं हात न टेकता जमू लागलं. मांड्या भरल्या. कमरेला धरलेला माझा हात मी कधी सैल केला हे त्यांना कळेनासं झालं.

मधेच दार वाजायचं. मग आमची धांदल. आत्याबाई पलंगावर, घोडा कोठीमागं, वाकळ गळ्यापर्यंत, आणि मी कडी काढेपर्यंत त्यांचं कण्हणं सुरू. कण्हण्यात त्या इतक्या तरबेज झाल्या की एकदा पारूबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. ती गेल्यावर आम्ही दोघी पोट धरून हसलो. लग्न होऊन आल्यापासून मी आत्याबाईंबरोबर तेवढं कधी हसले नव्हते. ते हसू मला आठवतं, म्हणजे झालं होतं एवढं आठवतं. त्याची चव आता लागत नाही.

मॅडमचा दर महिन्याला फोन यायचा. चालवता ना? हाव. चक्कर? नाही. पडल्या का? नाही. घाई करू देत नाही ना? नाही. दार लावून चालवते हे मी सांगितलं नाही. त्यांनी कुठं विचारलं होतं? त्यांच्या प्रश्नांत दिवा होता, पायपुसणं होतं, चप्पल होती, पारूबाई नव्हती. दुसऱ्यांदा दाखवायला नेलं तेव्हा मात्र गंमत झाली. आत्याबाई मॅडमसमोर घोडा घेऊन ऐटीत चालल्या, आणि गावात जीप शिरली तशा मागच्या सीटवर आडव्या झाल्या.

श्रावण लागला. पंचमीला अक्का येणार होत्या. लेकी पंचमीला माहेरी येतात, त्यात नवीन काही नाही. त्या सणाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी येणार असं फोनवर ठरलं होतं. त्या दिवशी दुपारी मी पुरणाची डाळ भिजत घातली, दार लावलं आणि घोडा काढला. आत्याबाई म्हणाल्या, "आज मोरीवर जाऊ."

गेल्या. मी दिवा लावला, मधल्या दारात उभी राहिले आणि त्यांनी मला तिथंच थांबायला सांगितलं. पुढची वाट त्या एकट्या गेल्या. आधी घोडा, मग दुखरा, मग चांगला. आत मॅडमनी सांगितल्याप्रमाणं भिंतीला दांडी बसवली होती, उंच बैठक होती. मोरीचं दार त्यांनी आतून लोटून घेतलं. मी बाहेर भिंतीला टेकून उभी. पाणी टाकल्याचा आवाज आला. मग त्या बाहेर आल्या, लुगडं नीट केलेलं, तोंडावर पाणी मारलेलं. मला म्हणाल्या, "झालं." बस, एवढंच. पण असा चेहरा मी त्यांचा पाहिला नव्हता. मला फार बरं वाटलं. मला त्यांचा अभिमान वाटला, आणि माझासुद्धा.

आणि दार वाजलं.

"माय, मी आले गं. दार कामून लावलंय?"

अक्कांना उदगीरला लगेच गाडी मिळाली होती. दुसरं कुणी असतं तर आत्याबाई थांबल्याही असत्या. लेकीचा आवाज होता. त्यांनी घोडा सोडला. तो पुढं टाकण्याइतकाही दम धरला नाही. भिंतीला हात लावून वळल्या आणि पलंगाकडं निघाल्या, भराभर, जसं माणूस दोन धड पायांवर निघतं. मी हात पुढं केला तो त्यांच्या पदराला लागला. पदर हातात आला. त्या डाव्या अंगावर पडल्या.

आवाज मोठा झाला नाही. मी पुढं काय झालं ते सांगते, पण त्या वेळी मला काय वाटलं ते मला विचारू नका, कारण तिथं काही नाही. आत्याबाई शहाबादी फरशीवर पडलेल्या होत्या, डावा पाय बाहेरच्या अंगाला वळलेला. तो पाय बघितल्याबरोबर मला कळलं. त्यांनाही कळलं. बाहेर अक्का कडी वाजवत होत्या. आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं आणि ओठांतल्या ओठांत म्हणाल्या, "आधी घोडा."

मी आधी घोडा उचलला. कोठीमागं नेऊन ठेवला. मोरीचा दिवा बंद केला. मग दार उघडलं.

"पलंगावरून उतरताना पडल्या," असं मी म्हटलं. अक्कांनी पिशवी तिथंच टाकली. त्यांनी मला एकच विचारलं, उतरू कशाला दिलंस. तेच पारूबाईनं विचारलं, तेच जीपवाल्यानं विचारलं. नांदेडपर्यंतच्या रस्त्यात आत्याबाईंनी तोंडातून हूं की चूं काढलं नाही. घरात इतकं कण्हणारी बाई, खरं दुखलं तेव्हा गप्प.

डाव्या बाजूला सळई घातली. ऑपरेशन पुन्हा चांगलं झालं म्हणे. लुंबिनी मॅडम आल्या तेव्हा अक्का पलंगाला धरून उभ्या होत्या. मॅडमनी विचारलं, कशा पडल्या. अक्कांनीच सांगितलं, पलंगावरून उतरताना. मॅडमनी खुर्ची ओढून घेतली आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "इथून गेल्यावर मग चालवत नव्हतात ना?"

मी आत्याबाईंकडं बघितलं. त्यांचे डोळे मिटलेले होते.

"नाही," मी म्हटलं.

मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्या म्हणाल्या, "पडून राहिलं की असंच होतं. मी फोनवर विचारत होते हो." मग त्यांनी चादर बाजूला करून आत्याबाईंची उजवी मांडी हातानं दाबून पाहिली. पुन्हा दाबून पाहिली. "स्नायू तर चांगला भरलाय," असं त्या स्वतःशीच म्हणाल्या. मला म्हणाल्या, "पडून राहिलेल्या माणसाची मांडी अशी नसते."

अक्का बघत होत्या.

"खायलाप्यायला चांगलं असतं आमच्यात," मी म्हटलं.

मॅडमनी पुढं विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या आत्याबाईंना उभं करायला आल्या, तिसऱ्या दिवशीही आल्या. आत्याबाईंनी भिंतीकडं तोंड केलं आणि हात सैल सोडून दिले. सैल माणसाला कोण उभं करणार? घरी सोडताना मॅडमनी व्यायाम दाखवले, मी बघितले. काय बघितलं ते आठवत नाही. नवा काटा कुठं गेला हे मी विचारलं नाही. आता कोणत्या खुब्याची नोटीस निघायची राहिली होती?

पुन्हा तोच पलंग. पुन्हा भांडं. आत्याबाई बोलेनाशा झाल्या. भूक लागली का विचारलं तर मान हलवायच्या. मीही बोलेनाशी झाले, पण माझं कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण भाकरी वेळेवर होत होत्या. मालक पहिल्यांदाच कशालाही हाव म्हणत नव्हते. गोठ्यात जाऊन बसायचे. अक्का लातूरला गेल्याच नाहीत, घरी फोन करून सांगितलं की माय उठेपर्यंत मी हितंच. दुपारी गल्ली निजायची तेव्हा माझे पाय आपसूक पुढच्या दाराकडं जायचे. कडीला हात लावून मी परत यायची. दार उघडंच ठेवायचं होतं आता, लपवायला काही उरलंच नव्हतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी पारूबाई आली, तिच्याबरोबर गल्लीतल्या आणखी दोघी. बिस्किटचा पुडा, मोसंबी. पलंगाच्या कडेला बसल्या, पायाला हात लावला, उठू नका म्हणाल्या. आता तसं म्हणायचीही गरज नव्हती. मग पारूबाई अक्कांना म्हणाली, "तुजी भावजय म्हंजे सोनं हाय बग, शिवकांता. इतके महिने सासूचा पाय भुईला लागू दिला न्हाई. आमी समूर ऱ्हातो, आमाला ठावं हाय. आता नशिबालाच मंजूर नव्हतं, त्याला ती तरी काय करंल?"

अक्कांनी डोळ्याला पदर लावला आणि माझा हात धरला. "खरं हाय," म्हणाल्या. "मी पैल्यांदा हिला लई बोलले हुते. पर हिनं ऐकलं."

हे ऐकायला मिळावं म्हणूनच तर इतके महिने दार लावत होते. आता मिळालं, सगळ्यांदेखत मिळालं, आणि मला काहीच वाटलं नाही. तिघींत साखर कमी कोण घेते, एवढंच डोक्यात आलं. मी हात सोडवून घेतला आणि चहा ठेवायला वळले.

"तिनं मला चालवलं."

आवाज इतक्या दिवसांनी आला होता की पारूबाई दाराकडं बघायला लागली, कुणी आलं का म्हणून. आत्याबाईंचं तोंड भिंतीकडंच होतं.

"रोज चालवलं. दार लावून, घोडा कोठीमागं दडवून, तुमच्या भेवानं. म्या मोरीवर मव्ह्या पायानं जाऊन आले. त्याच दिवशी पडले." मग म्हणाल्या, "शिवकांता, तुझा आवाज आला म्हून पळाले."

अक्कांना आधी कळलंच नाही. मग कळलं. "कामून पळालीस, माय?" त्यांनी विचारलं. अगदी हळू विचारलं.

"तू रडली असतीस," आत्याबाई म्हणाल्या.

मी स्वैपाकघरात गेले. पातेलं ठेवलं, पाणी ओतलं, गॅस लावला. मागं काय चाललंय ते बघायचं नव्हतं. पारूबाईनं म्हटलेलं माझं सोनं चहा व्हायच्या आतच उतरलं होतं, आता काय बोलायचं ते बोला म्हटलं. पण बाहेर कुणी बोलत नव्हतं. रडतही नव्हतं. पारूबाई 'येते' म्हणून उठेल असं वाटलं, तीही उठली नाही. मग पत्र्याची कोठी फरशीवर सरकवल्याचा आवाज आला. घोडा बाजूनं तिरका काढता येतो हे अक्कांना ठाऊक नव्हतं, आणि कोठी भरलेली होती, एकटीला सरकत नव्हती. "पारू, जरा लाव की हात," अक्का म्हणाल्या. मग घोड्याच्या रबराचे बूट फरशीवर टेकले. तो आवाज मी कुठंही ओळखेन.

"माय, बस उठून. हळू. घाई न्हाई," अक्का म्हणत होत्या. पलंग करकरला. मग अक्कांनी मला हाक मारली.

"शिल्पा, आधी कोनता पाय?"

"आधी घोडा," मी आतूनच म्हटलं. सवयीनं तोंडातून निघत गेलं. "मग दुखरा. मग..."

पुढचं तोंडातच राहिलं. उजवा जुना, डावा नवा. मॅडमनी दाखवलं असेल, पण त्या वेळी मी तिथं असून नव्हते. चहाचं पाणी उकळायला लागलं होतं. बाहेर सगळ्या बायका माझी वाट बघत होत्या, आणि चांगला पाय कोणता ते मला सांगता येईना. पंचमीपासून पहिल्यांदाच मला काहीतरी होत होतं. मी रडत होते.

"आगं, जो उठंल तो टाकते," बाहेरून आत्याबाई म्हणाल्या. "तू ये, आन् मागून धर."

मी गॅस बंद केला, हात पदराला पुसले आणि बाहेर गेले.